मोदकपात्रात मोमो, वाटीत सॉस

दिंडोरीहून मी पुन्हा तुमच्या कानाशी हजर आहे. आजचा भाग कानांनी ऐकायचा आणि हातांनी करायचा आहे. विषय आहे घरचं चायनीज. त्यातही दोनच गोष्टी घेऊ: वाफवलेले मोमो आणि कढईतल्या भाजीला लागणारे सॉस. मापं मी बोलता बोलता सांगणार आहे. मोठा चमचा म्हटलं की १५ मिली आणि छोटा म्हटलं की ५ मिली, एवढं लक्षात ठेवा. बाकी सगळं इथे लिहिलेलं आहेच, त्यामुळे पिठाच्या हातांनी फोन मागे-पुढे करत बसायची गरज नाही.

आधी हा विषय का घेतला ते सांगतो.

आमच्याकडे शनिवारची संध्याकाळ म्हणजे चायनीज. पप्पा द्राक्षाच्या बागेतून येतात, हातपाय धुतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "आणलं का रे?" त्यांना ट्रिपल राईस लागतो, वर शेजवान चटणी जास्तीची. यंदा त्यांचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितलं. पप्पांनी लोणचं सोडलं, पापड सोडला, ताटात वरून मीठ घेणं सोडलं. शनिवार मात्र सोडेनात. म्हणाले, "एवढं एकच तर आहे माझं."

मग मी हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्याहून किंचित कमीच. यात सगळं आलं: भाजी, आमटी, भाकरी, फरसाण, सगळं. आता सोया सॉस बघा. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे जवळपास सव्वादोन ग्रॅम मीठ. अर्धा दिवस एका चमच्यात संपला! आणि गाडीवरच्या प्लेटमध्ये सोया सॉस असतो, चिली सॉस असतो, शेजवान चटणी असते, अजिनोमोटो असतो आणि शेवटी चिमूटभर मीठही पडतं. पाच ठिकाणांहून खारट येतं आणि आपल्याला चव लागते ती फक्त "मस्त झणझणीत" अशी.

गाडीवाल्या भाऊंवर माझा अजिबात राग नाही. तो माणूस संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत भट्टीपुढे उभा असतो. पण तो माझ्या पप्पांचं मीठ मोजू शकत नाही. ते काम घरातच होऊ शकतं. म्हणजे प्रश्न सरळ होता: पप्पांचं चायनीज बंद करायचं, की ते आपल्या ओट्यावर आणायचं? आम्ही ओट्यावर आणलं.

आधी मोमो

मोमो हा मूळचा तिबेट-नेपाळकडचा पदार्थ. चिनी लोकांचे ज्याओझ हे त्याचे जवळचे नातेवाईक. आणि खरं सांगू का, आपल्या घरात या घराण्याचे दोन सदस्य आधीपासूनच आहेत. वाफवलेला मोदक आणि मुरड घातलेली करंजी. पारी, सारण, तोंड बंद करणं, मग वाफ किंवा तेल. सगळ्या पायऱ्या त्याच. ज्याओझचा आकार तर थेट करंजीचाच, अर्धचंद्र.

आईला मी पहिल्यांदा मोमोचा व्हिडिओ दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अरे, हे तर तिखटाचे मोदक! यात शिकायचं काय?" तिचं बरोबर होतं. तुमच्या घरी मोदक करणारी आई, आजी, काकू, मावशी कुणीही असेल, तर तुमची शिकवणी घरातच आहे. यूट्यूब नंतर बघा.

पिठाचं एक छोटंसं शास्त्र सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. मैदा थंड पाण्यात भिजवला की त्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि पीठ रबरासारखं होतं. पाण्यात उकळायच्या डंपलिंगला ते चांगलं, कारण फुटत नाही. पण वाफवायचे असतील तर पारी मऊ हवी. म्हणून चिनी स्वयंपाकात मैद्यावर उकळतं पाणी ओततात. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो, आणि ग्लुटेनचा हट्ट कमी होतो. आपण मोदकासाठी तांदळाची उकड काढतो त्यामागेही हेच आहे. तांदळात ग्लुटेन नाहीच, त्यामुळे उकड काढल्याशिवाय पारी वळतच नाही. कँटनकडे हार गाव नावाचे कोळंबीचे पारदर्शक डंपलिंग करतात. त्याचं पीठही गव्हाच्या स्टार्चवर उकळतं पाणी ओतूनच होतं. म्हणजे कँटनची उकडच म्हणा.

आता मापं. २४ मोमो होतील, चार माणसांना सहा-सहा.

सारणासाठी पाव किलो कोबी एकदम बारीक चिरा. दिंडोरीत असाल तर कोबी विकत घ्यायचीही गरज नाही, कुणाच्या तरी शेतावरून पिशवी येतेच. कोबीला अर्धा छोटा चमचा मीठ चोळा आणि १५ मिनिटं ठेवा. मग पंचात घालून घट्ट पिळा. ही पायरी टाळली तर वाफवताना कोबी पाणी सोडतो, पारी ओली होते आणि तळ फाटतो. पिळून निघालेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात मीठ आहे आणि चवही आहे. तेच पीठ भिजवायला घ्यायचं, पिठात वेगळं मीठ घालायचं नाही.

पिळलेल्या कोबीत एक किसलेलं गाजर, मूठभर कांद्याची पात, इंचभर आलं, सहा-सात लसूण पाकळ्या, अर्धा छोटा चमचा भरड मिरी, एक छोटा चमचा सोया सॉस आणि एक छोटा चमचा तिळाचं तेल. झालं सारण. चिकन खिमा घालायचा असेल तर कोबी निम्मा करा, खिमा कच्चाच घाला आणि दोन चमचे पाणी टाकून एकाच दिशेने दोन-तीन मिनिटं फेटा. चिकट झाला की सारण रसरशीत राहतं.

पिठाला पाव किलो मैदा. कोबीच्या पाण्यात साधं पाणी मिसळून एकूण १४० मिलीच्या आसपास करा, खळखळून उकळा आणि मैद्यावर ओता. आधी चमच्याने कालवा, हाताला सोसवलं की तिंबा. पाच मिनिटं नीट तिंबलं की ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवून द्या. मैदा नकोच असेल तर निम्मी कणीक घ्या. रंग तपकिरी येतो, पाणी थोडं जास्त लागतं, चव चांगली लागते.

लाट्या लिंबापेक्षा लहान. लाटताना कडा पातळ ठेवा आणि मध्यभाग जरा जाड, कारण सगळं वजन तिथे येतं आणि कळ्या जमा होतात तिथे पीठ दुप्पट होतं. कळ्या पाडता येत असतील तर उत्तम. येत नसतील तर करंजीसारखी दुमडा, कडेला पाण्याचं बोट फिरवा आणि दाबा. कातण्याने कड कापलीत तरी कुणी बोलणार नाही.

मोदकपात्रात पाणी उकळल्यावरच मोमो ठेवायचे. मोदकाखाली आपण हळदीचं किंवा केळीचं पान घालतो ना, तसं इथे कोबीचं बाहेरचं पान घाला. मोमोंमध्ये बोटभर अंतर हवं. भाजीचे १० ते १२ मिनिटांत होतात. चिकनचे १५ मिनिटं ठेवा आणि एक फोडून बघा, आत गुलाबी दिसायला नको. झाकण काढल्यावर दोन मिनिटं थांबा. लगेच उचलले तर चिकटतात.

आता लाल चटणी

गाडीवर ज्याला शेजवान म्हणतात ते नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं. पण आपल्या शेजवान चटणीत सिचुआनची खूण असलेला मसालाच नसतो. तिथे एक मिरीसारखं फळ वापरतात, जे जिभेला झिणझिण्या आणतं. आता मजा बघा. आपल्या कोकणातलं तिरफळ त्याच वनस्पती-कुळातलं, अगदी त्याच वंशातलं आहे. माशाच्या किंवा वालाच्या आमटीत टाकतात तेच. नेपाळी लोक मोमोच्या चटणीत टिमूर घालतात, तोही याच घरातला. म्हणजे खऱ्या शेजवान चवीसाठी चीनला जायला नको. कोकणातला एखादा मित्र पुरे. तिरफळातली काळी बी काढून टाकायची आणि फक्त साल कोरडी भाजून कुटायची. एका वाटीभर चटणीला चार-पाच सालं बास झाली.

चटणीची कृती सांगतो. १५ ब्याडगी किंवा काश्मिरी मिरच्या, तिखट हवं असेल तर ४-५ लवंगी. देठ आणि बिया काढून अर्धा तास गरम पाण्यात भिजत घाला. दोन लालबुंद, पूर्ण पिकलेले टोमॅटो थेट गॅसवर भाजून साल काढा. मिरच्या आणि टोमॅटो एकत्र वाटा. कढईत चार मोठे चमचे शेंगदाणा तेल तापवा, त्यात २० लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं बारीक चिरून मंद आचेवर परता. लसूण सोनेरी व्हायच्या जरा आधी वाटण घाला. तेल सुटेपर्यंत परता, दहा-बारा मिनिटं जातात. शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर, एक छोटा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा सोया सॉस आणि तिरफळाची पूड. गार झाली की काचेच्या कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये. आठवडाभरात संपवा. लसूण तेलात आहे म्हणून बाहेर चालेल, असं समजू नका.

या चटणीचा रंग बघितलात की तुम्ही विचाराल, रंग घातला का? नाही. हा ब्याडगीचा रंग आहे. रंगाचा मुद्दा किरकोळ नाही बरं का. २०२४ च्या सुरुवातीला गोव्यात म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेच्या वेळी गोबी मंचुरियनच्या स्टॉलवर बंदीचा निर्णय झाला. कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही कारणं पुढे आली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. आणि ब्याडगी गाव कुठलं? कर्नाटकातलंच. नैसर्गिक लाल रंग ज्या राज्यात पिकतो, त्याच राज्याला डबीतल्या रंगावर बंदी घालावी लागली.

मंचुरियन आणि वाटीतला सॉस

मंचुरियनवरून आठवलं. हा पदार्थ चीनमध्ये शोधायला जाऊ नका. तो आपल्या मुंबईचा आहे. नेल्सन वांग हे कोलकात्यात वाढलेले, चिनी वंशाचे आचारी. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये काम करताना, १९७५ च्या सुमारास, त्यांनी नवीन काहीतरी म्हणून हा पदार्थ केला असं सांगितलं जातं. कांदा... नव्हे, आलं, लसूण, हिरवी मिरची, ही आपली नेहमीची सुरुवात. पण पुढे गरम मसाला न घालता सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. म्हणजे निम्मी फोडणी आपली, निम्मा रस त्यांचा. त्यामुळे "हे अस्सल चायनीज नाही" असं कुणी नाक मुरडलं तर खुशाल म्हणा, हो, हे अस्सल मुंबईचं आहे.

आता यातली मुख्य युक्ती. आपली भाजी करताना आपण मसाले एकेक करून कढईत टाकतो. चायनीजमध्ये तेवढा वेळच नसतो. आच मोठी असते, सगळा खेळ चार मिनिटांचा. म्हणून सॉस गॅस पेटवायच्या आधी वाटीत कालवून ठेवायचा.

चार माणसांच्या भाजीसाठी: एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा आपली लाल चटणी, एक छोटा चमचा व्हिनेगर, अर्धा छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्धा कप गार पाणी. मीठ नाही. पाणी गारच हवं, गरम पाण्यात कॉर्नफ्लोअरच्या गुठळ्या होतात. ओतायच्या आधी वाटी पुन्हा ढवळा, कारण कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं. ढवळलं नाही तर आधी नुसतं पाणी पडतं आणि शेवटी चिकट गोळा.

कढई लोखंडाची असेल तर तीच घ्या. गाडीवरच्या भट्टीएवढी आच घरच्या गॅसला येत नाही, हे मान्य करून चालायचं. मग उपाय काय? भाजी कमी-कमी टाकायची. एका वेळी दोन मुठी. ढीग टाकला की कढई थंड होते, भाजी पाणी सोडते आणि परतायच्या ऐवजी शिजायला लागते. भाज्या धुऊन पुसून कोरड्या करा. कढईतून हलका धूर निघाला की तेल, मग आलं-लसूण दहा सेकंद, मग गाजर आणि फरसबी, मग ढोबळी मिरची, शेवटी कोबी आणि पात. झाकण अजिबात ठेवू नका. भाजी कचकचीत आहे तोवरच सॉस कडेकडेने ओता. आधी दुधट दिसेल, उकळी आली की अर्ध्या मिनिटात चकाकी येईल. चकाकी आली की गॅस बंद. जास्त उकळत ठेवलं तर पुन्हा पातळ होतो.

आता मिठाचा हिशोब. भाजीत माणशी साधारण पाऊण ग्रॅमच्या आत. सहा मोमोंत एक ग्रॅमच्या आसपास. सोबत चमचाभर चटणी. सगळं धरून २ ग्रॅमच्या आत येतं. पप्पांच्या दिवसाच्या ५ ग्रॅममध्ये ते बसतं, फक्त सकाळच्या जेवणात हात आखडता घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी पप्पा म्हणाले, "गाडीसारखं नाही, पण चालेल." दुसऱ्या शनिवारी त्यांनी मोमो मोजून घेतले आणि माझ्या ताटातला एक उचलला. यापेक्षा मोठी पावती मला नको. आणि हो, गोळी चालूच आहे. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी बंद करू नका. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल तर तेही विचारूनच.

अजिनोमोटो आणि शिळा भात

दोन प्रश्न मला नेहमी येतात. पहिला, अजिनोमोटो विष आहे का? १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञांनी समुद्री शेवाळाच्या रसातून ही चव वेगळी काढली. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चायनीज खाल्ल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल एका डॉक्टरचं पत्र छापून आलं आणि तिथून भीती पसरली. पुढे झालेल्या चाचण्यांमध्ये नेहमीच्या प्रमाणात असा त्रास ठामपणे सिद्ध झाला नाही. पण मुद्दा असा की आपल्याला त्याची गरजच कमी आहे. हीच चव पिकलेल्या टोमॅटोत नैसर्गिकरीत्या असते. आणि टोमॅटो आपल्याकडे किती! पिंपळगाव बसवंतचा बाजार शेजारीच आहे, हंगामात क्रेटच्या क्रेट जातात. भाव पडला की लोक वैतागून रस्त्यावर ओततात. म्हणून मी चटणीत टोमॅटो भाजून घालायला सांगितला. मीठ कमी केल्याने जी चव जाते, ती टोमॅटो बरीचशी भरून काढतो.

दुसरा प्रश्न, फ्राईड राईसला शिळा भात लागतोच का? गार, मोकळा भात लागतो. इंद्रायणी चिकट असतो, तो पिठलं-भाताला ठेवा, इथे कोलम घ्या. पण रात्रीचा भात ओट्यावर उघडा ठेवून सकाळी परतू नका. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा परतून जात नाही. म्हणून भात ताटात पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरा. हॉस्टेलवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी.

तर मंडळी, सगळं एकाच दिवशी करायला जाऊ नका, ओटा आणि डोकं दोन्ही भरून जातील. पहिल्या आठवड्यात फक्त लाल चटणी करा, ती भाकरीबरोबरही छान लागते. दुसऱ्या आठवड्यात वाटीत सॉस कालवून भाजी परता. तिसऱ्या आठवड्यात घरातल्या मोदकवाल्या माणसाला शेजारी बसवा आणि मोमो लाटायला घ्या. कळ्या वाकड्या आल्या तरी चव सरळच लागते. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत पोटभर खा, मोजून मीठ घाला. नमस्कार!